किकवीची माती

कुस्तीच्या हौदाच्या मधोमध मूठभर मातीचा ढीग होता.

चिमाजी वस्ताद काठावर उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. काल दिवस मावळायच्या आत त्यांनी स्वतः हौदावरून फळी ओढली होती. माती अशी सपाट केली होती की मुंगी गेली तरी तिची वाट उमटावी. मुंगीची वाट उमटलीही होती. माणसाचं पाऊल मात्र कुठं नव्हतं. आत जाणारं नव्हतं, बाहेर येणारं नव्हतं. आणि मधे तो ढीग. मुठीत धरलेली माती सरळ खाली सोडली की पडतो तसा, बुडाला पसरट, टोकाला निमुळता.

मागं गेनबा गवताच्या धगीवर हलगी शेकत बसला होता. मंडळीचा तो जुना हलगीवाला. त्यानं मान वर न करता विचारलं,

"आलाय का?"

घरातलं माणूस गावाहून आलंय का असं विचारावं, तसं.

"आलाय."

"मग मोडा की. उजाडलं. मार्गासनीची माणसं लवकर उठत्यात."

वस्तादांनी लांब दांड्याच्या फळीनं ढीग मोडला. किकवीनंतरचं हे अकरावं गाव. अकरा हौदांत त्यांनी अकरा ढीग मोडले होते, आणि दर वेळी फळीला तो ढीग जरा जडच लागला होता.

मंडळीचं नाव श्री बलभीम कसरत मंडळी, मुक्काम कामथडी. तीन बैलगाड्यांचा कारभार. एका गाडीत मलखांबाचा सागवानी खांब, एरंडेल पिऊन पिऊन काळा झालेला. दुसरीत मुदगलांच्या जोड्या आणि उचलायचे तीन दगडी गोटे. तिसरीत माणसांची अंथरुणं आणि मातीची दोन पोती. चैत्र लागला, गावोगावच्या देवांच्या जत्रा सुरू झाल्या, की या गाड्या वाटेला लागत. पहिल्या दिवशी मलखांब, बैठकांची चढाओढ, गोटे उचलण्याची पैज. दुसऱ्या दिवशी कुस्त्या. कुणाची जोड कुणाशी लावायची ते चिमाजी वस्ताद ठरवीत, आणि त्यांनी लावलेली जोड कधी लंगडी नसे, असं भोरपासून वेल्ह्यापर्यंत लोक म्हणत.

मातीच्या पोत्यांची रीत त्यांचीच. एका गावची जत्रा उलगली की हौदातली दोन पोती माती भरून घ्यायची आणि पुढच्या गावच्या नव्या मातीत कालवायची. वर तेल, ताक, हळद. "दुधाला विरजण, तशी मातीला माती," ते सांगत. "नवी माती सासरी आलेल्या पोरीसारखी. बावरती. जुनी तिला घरचं करती."

दुसरी रीत सगळ्या तालमींची, पण वस्ताद ती फार जपत. हौदात उतरलेल्या पैलवानानं वाकून मूठभर माती उचलायची, कपाळाला लावायची आणि समोरच्याच्या पाठीवर टाकायची. त्याला माती घेणं म्हणत. माती घेतली म्हणजे कुस्ती मान्य. दोघांनी घेतली की वस्तादांनी उजवा हात वर करायचा, आणि हात वर दिसला की गेनबानं हलगीवर टिपरू टाकायचं. एखाद्यानं माती घेतली नाही, तर जोड मोडली. त्याला भित्रा म्हणायचं नाही, कारण विचारायचं नाही. "पैलवानाची ताकद छातीत असती," वस्ताद पोरांना शिकवीत, "पण हुकूम मुठीत असतो. ज्याची त्याची मूठ."

हे सगळं त्यांना पाठ होतं. किकवीतही पाठच होतं.

किकवीची गोष्ट गेल्या चैत्रातली. बिरू हा मंडळीचा सगळ्यांत उमदा गडी. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या कुशीत धनगरांची चार घरं आहेत, तिथला. मेंढरांमागं डोंगर चढून चढून पोटऱ्या अशा झालेल्या, जशा काही वडाच्या पारंब्या. त्या दिवशी त्याची जोड शिरवळकडच्या मानसिंग पैलवानाशी लागली होती. मानसिंगानं आपल्या हौदात उतरावं म्हणून वस्ताद दोन वर्षं निरोप धाडत होते. तो आला, तर अख्खा हमरस्ता माणसांनी भरला. झाडांवर माणसं, गाड्यांच्या चाकांवर माणसं.

सकाळी बिरू मान एका अंगाला धरून आला होता.

"वस्ताद, आज नको वाटतंय. परवा गाभणी मेंढी खांद्यावर घालून वढा वलांडला. तवापास्नं मान वळंना."

भोवती पाच-सहा पैलवान बसलेले. वस्तादांनी हसून सांगितलं,

"मान वळत न्हाई तर सरळ बघ की. मानसिंग समोरच हाय."

सगळे हसले. बिरूही हसला. थट्टा इतकीच. पण पुढं वर्षभर वस्ताद भाकरी मोडायला बसले, की ती थट्टा आधी ताटात येऊन बसे.

दुपारी दोघं हौदात उतरले. मानसिंगानं माती घेतली, बिरूच्या पाठीवर टाकली, आणि धरतीला हात लावायला तो वाकला. बिरूनंही मूठ भरून उचलली. पण कपाळाला लावली नाही. त्यानं वस्तादांकडे पाहिलं, मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी. आणि मूठ उघडली. माती सरळ खाली पडली.

वस्तादांनी ते पाहिलं. भोवतीची हजार माणसं मानसिंगाच्या खांद्यांकडे बघत होती. वस्तादांच्या मनात आलं, आता जोड मोडली असं म्हणायचं. आणि लगेच मनात आलं, मानसिंग पुन्हा येईल का?

त्यांनी हात वर केला.

हलगी कडाडली. बिरूला माहीत होतं, हलगी वाजल्यावर हौदातून निघायचं नसतं. तो भिडला. तिसऱ्या पकडीला मानसिंगानं त्याला उचलून टाकलं, डाव सरळ होता, कसलंही पाप नव्हतं त्यात. पण बिरू मानेवर पडला, आणि हलगी थांबली तेव्हा तो उठला नाही.

माणसांनी त्याला खाटेवर घालून वेल्ह्याच्या वाटेला लावलं. मागं राहिलेल्यांनी मुकाट्यानं खांब उतरवला, कनाती गुंडाळल्या, आणि दोन पोती माती भरली. हात सवयीचे. आज कुठली माती भरतोय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वस्तादांच्या ध्यानात आलं तोवर ती पुढच्या गावच्या हौदात कालवून झाली होती. आणि त्या हौदात सकाळी पहिला ढीग दिसला.

ती माती मग गावोगाव फिरत राहिली. या हौदातून पोत्यात, पोत्यातून त्या हौदात. फेकून द्यावी असं वस्तादांना शंभरदा वाटलं. पण लोक विचारणार, का फेकली? आणि त्याला उत्तर एकच होतं.

ढिगाचं पैलवानांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांना काहीतरी उमगत असावं. उतरताना ते हौदाच्या मध्यावर पाय द्यायचं टाळत. एकेक जण शेतीचं, लग्नाचं निमित्त सांगून गेला. नऊ होते, चार उरले. या चैत्रात मार्गासनीची जत्रा जमली नसती तर मंडळी मोडलीच असती. पण इथं अशी जोड ठरली होती की ऐकून खोऱ्यातला माणूस न माणूस निघाला. मानसिंग येणार होता. किकवीनंतर त्यानं लंगोट खुंटीला टांगला होता, तो पहिल्यांदा उतरणार होता. आणि त्याच्यासमोर बिरूचा धाकटा भाऊ, नाथा. नाथानंच निरोप धाडला होता: दादाची कुस्ती अर्धी राहिलीय. वैर नाही. पुरी करायचीय.

पहिल्या दिवशी दुपारी मलखांब उभा राहिला, बैठकांची पैज लागली, आणि सगळा गाव तिकडं लोटला. हौदापाशी वस्ताद एकटेच मातीत ताक शिंपत होते. तेवढ्यात काठावर एक बाई येऊन बसली. अंगावर काळं घोंगडं, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. तोंडानं काहीतरी पुटपुटल्यागत म्हणत होती. जवळ गेल्यावर शब्द लागले.

*मेंढरं मोजिते, वाड्याच्या दारात*
*भरला गं वाडा माझा, उणं माझ्या घरात*

वस्तादांनी तिला ओळखलं. बिरूची आई, कोंडाबाई. वर्षभरात ते तिच्या दारी एकदाच गेले होते, दहाव्याला, आणि मान खाली घालून परतले होते.

"ताक आंबट हाय का?" तिनं विचारलं.

"हाय. कालचं हाय."

"ब्येस." ती थोडा वेळ मातीकडे बघत राहिली. "बिरू घरी आला की अंगाला ह्योच वास यायचा. म्या म्हनायची, आरं, तू पैलवान हायस का ताकाचं गाडगं."

वस्ताद हसले नाहीत. तीही हसली नाही.

"वस्ताद, एक इचारायला आली. दिवस मावळला की आमची मेंढरं उठून हुबी ऱ्हात्यात. समदी. किकवीकडं त्वांड करून. वरीस झालं. देवाला कौल लावला, नवस बोलली, न्हाई थांबत. आमच्यात म्हनत्यात, जो आपल्या मनानं गेला तो निवतो. ज्याला ढकाललं तो वाट बघत ऱ्हातो." तिचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. "माज्या बिरूनं माती घेतली हुती का?"

मलखांबाकडून माणसांची वाहवा ऐकू आली. वस्तादांच्या हातातल्या भांड्यातून ताक ठिबकत होतं.

"तुमी समोर हुता," ती म्हणाली. "तुमी म्हनाल ते खरं. घेतली आसंल तर त्याच्या मनानं गेला. मग म्या मेंढरास्नी बी सांगीन. नाथाला बी उद्या उतरू दीन. त्यो आडून बसलाय, पर म्या त्याला म्हनलं, वस्तादाचं त्वांड ऐकल्याबिगर माजा व्हकार न्हाई."

तिनं भंडारा काढून हातावर ठेवला असता आणि शपथ घाला म्हणाली असती, तर कदाचित बोलणं सोपं गेलं असतं. पण ती पिशवी तिनं सोडलीच नाही. तिला शपथेची गरज वाटली नाही.

"घेतली हुती," वस्ताद म्हणाले.

कोंडाबाईनं डोळे मिटले. मग पदरानं तोंड पुसलं, उठली, आणि जाताना म्हणाली, "लई बरं झालं. उद्या म्या त्या करंजाखाली बसती मेंढरं घिऊन. तुमचा हात वर झाला की मला तितनं दिसंल."

ती गेल्यावर गेनबा आला. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. हलगीची कड अंगठ्यानं चाचपत तो म्हणाला,

"वस्ताद, म्या बी त्या दिशी हौदाकडंच बघत हुतो."

वस्ताद त्याच्याकडे वळले.

"तुमी हात वर केला, म्या टिपरू हाणलं. वरीसभर म्हनतोय, हुकूम तुमचा. पर हात तर माजाच हुता की." आणि तो हलगी काखेत मारून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा ढीग पुन्हा होता. या वेळी वस्तादांनी तो फळीनं मोडला नाही. उतरून हातानं पसरला. माती कोमट लागली. रात्र थंड होती, तरी कोमट.

दुपारपर्यंत मार्गासनीत पाय ठेवायला जागा उरली नाही. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, नारळावरच्या झाल्या. एक खेडूत मोठा गोटा गुडघ्यापर्यंत नेऊन सोडून बसला, त्यावर त्याच्या बायकोनं लांबून म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, "घरात तांब्या उचलंना, हितं गोटा उचालतोय." जत्रा हसली. उतरणीवर करंजाच्या सावलीत मेंढरं बसली होती आणि त्यांच्यात एक काळं घोंगडं.

मग मानसिंग उतरला. वर्षात वाळला होता. मागून नाथा उतरला, आणि गर्दी एकदम गप्प झाली, कारण तो चालला तसाच, खांदा थोडा पुढं टाकून, जसा बिरू चालायचा.

मानसिंगानं माती घेतली, कपाळाला लावली, नाथाच्या पाठीवर टाकली. नाथा वाकला. त्यानं मूठ भरली. वस्तादांची नजर त्या मुठीवरच होती. पण नाथानं मूठ कपाळाला लावली आणि मानसिंगाच्या रुंद पाठीवर माती टाकली. सगळं रीतीनं झालं. कुठं काही राहिलं नाही.

आता वस्तादांनी हात वर करायचा होता.

गेनबा टिपरू उचलून वाट बघत होता. करंजाखालचं घोंगडं उभं राहिलं होतं. वस्तादांनी हात उचलायला घेतला, आणि नाथाच्या पायांमागं, पहाटे स्वतःच्या हातानं पसरलेल्या जागी, त्यांना तो ढीग दिसला. तेवढाच. टोकाला निमुळता.

हात मांडीपासून सुटला नाही.

"वस्ताद, हाताला मुंग्या आल्या का?" गर्दीतून कुणी ओरडलं. हशा पिकला आणि विरून गेला, कारण वस्ताद हौदात उतरत होते. ते नाथासमोर जाऊन उभे राहिले.

"नाथा, काल तुज्या आईला म्या खोटं बोललो."

नाथाला कळलं नाही. "काय खोटं?"

"बिरूनं माती घेतली न्हवती." आवाज फुटत नव्हता, म्हणून त्यांनी तो मोठा केला, जत्रेत जोड पुकारतात तसा. "किकवीत बिरूनं मूठ उघडून माती सोडली. मला दाखवून सोडली. त्याची मान दुखत हुती. सकाळीच म्हनला हुता. म्या बघितलं आन तरी हात वर केला."

मानसिंग हळूच मातीत खाली बसला.

"म्या वाकलो हुतो, वस्ताद," तो म्हणाला. "मला वाटलं पाठीवर पडली. घामात कळलं न्हाई. तुमी मला सांगितलं आसतं तर म्या त्याला शिवलो नसतो." आणि त्यानं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

नाथाच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. "म्या घेतलीया माती," तो म्हणाला. "माझी कुस्ती लावा."

"ज्या शबुदावर घेतलीस, तो शबुदच माजा खोटा हुता."

गर्दी मागून फाटत आली. कोंडाबाई उतरण उतरून आली होती. तिला लांबून ऐकू गेलं होतं की नुसतं दिसलं होतं, कुणाला ठाऊक. ती काठाशी आली, आणि हौदात पाय टाकला. बाईमाणसानं हौदात उतरू नये अशी रीत. कुणी तिला ती सांगितली नाही.

ती वाकली. मूठभर माती उचलली. वास घेतला. मग चिमाजी वस्तादांसमोर येऊन उभी राहिली. वस्तादांनी पाठ वाकवली. त्यांना वाटलं, टाकील. मारील, शिव्या देईल, पण टाकील. आणि मग जे काही व्हायचं ते रीतीनं होईल.

कोंडाबाईनं मूठ उघडली. माती सरळ खाली पडली.

"त्यो न्हाई म्हनला हुता," ती म्हणाली. "म्या बी न्हाई म्हनती. आता काय करता, वस्ताद?"

वस्ताद सरळ झाले. जे शब्द किकवीत म्हणायचे होते, ते आज निघाले.

"जोड मोडली," ते म्हणाले. आणि मग सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं पुन्हा, "जोड मोडली. कुनी कारन इचारायचं न्हाई."

गेनबानं टिपरू खाली ठेवलं. कोंडाबाईनं नाथाचा दंड धरला, लहान पोराचा धरावा तसा, आणि त्याला काठावर ओढून घेतलं. मेंढरांकडं जाताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

सांजेला वस्तादांनी एकट्यानं हौदावर फळी ओढली. तिनं टाकलेला ढीग तेवढा तसाच ठेवला, त्याच्या भोवतीनं माती सपाट केली. चार पैलवानांपैकी तिघांनी बोचकी बांधली होती. त्यांना त्यांनी अडवलं नाही.

सकाळी गाड्या जुंपल्या. गेनबा रिकामी पोती हातात घेऊन आला.

"भरायची का?"

"न्हाई. ती माती हितंच राहू दे."

"म्होरल्या गावाला इरजन?"

"निस्तं ताक घालू," वस्ताद म्हणाले. "म्होरलं गाव आसंल तर."

मग दोघं हौदापाशी गेले. मधे ढीग नव्हता. त्याच्या जागी माती थोडी खोलगट झाली होती, मूठ भरून कुणी उचलावी तशी. आणि तिथून पावलं निघाली होती. अनवाणी, रुंद, अंगठा बाजूला फाकलेला. एकामागं एक, न थांबता, तोरण्याच्या अंगाच्या काठापर्यंत. तिथून पुढं गवत होतं.

"नाथा आला आसंल पहाटं," गेनबा म्हणाला.

वस्तादांनी हौदाच्या चारी कडा निरखून पाहिल्या. आत येणारं पाऊल कुठंच नव्हतं. गेनबानंही पाहिलं, आणि हातातली रिकामी पोती गुंडाळली.

फळी काठाला टेकून उभी होती. वस्तादांनी ती उचलली, गाडीत टाकली, आणि माती तशीच ठेवून बैलांना हाक दिली.